लोकहित, वेठ आणि चांदी : पोतोसीच्या डोंगरातील एक धर्मप्रश्न

राज्याला ज्या वस्तूची निकड आहे ती मिळवण्यासाठी काही माणसांना त्यांच्या इच्छेविरुद्ध, जिवावर बेतणाऱ्या कामाला जुंपणे धर्माला धरून आहे काय, हा प्रश्न नीतिविचारात पुष्कळ जुना आहे; परंतु धर्मशास्त्र्यांच्या सभा बोलावून, लेखी मते मागवून आणि राजाच्या सदसद्विवेकाला साक्षी ठेवून तो जितक्या उघडपणे स्पेनच्या दक्षिण अमेरिकी साम्राज्यात चर्चिला गेला, तितका अन्यत्र क्वचितच गेला असेल. या चर्चेच्या केंद्रस्थानी आजच्या बोलिव्हियातील पोतोसी हे शहर आणि त्याच्यावर सावली धरून उभा असलेला सेर्रो रिको, म्हणजे ‘श्रीमंत डोंगर’, होता. चर्चेत भाग घेणाऱ्यांपैकी बरेच जण दुष्ट नव्हते. काहींनी खाणीतले हाल स्वतः पाहिले, ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले, आणि तरीही खाण चालू राहिलीच पाहिजे असा निर्वाळा दिला. त्यामुळे पोतोसीचा इतिहास नुसता जुलमाचा इतिहास म्हणून वाचणे अपुरे ठरते. ज्यांचा विवेक जागा आहे अशी माणसे जुलमाला संमती कोणत्या वाटेने देतात, हेही त्यात दिसते.

सेर्रो रिकोतील चांदी १५४५ मध्ये उजेडात आली; परंपरा हा शोध दिएगो वाल्पा या स्थानिक माणसाच्या नावावर मांडते. शहराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटर आणि डोंगराचे शिखर ४,८०० मीटरच्या आसपास, त्यामुळे तेथे मका पिकत नव्हता आणि लाकूड, धान्य, कोकाची पाने असे सारे खालच्या प्रदेशातून लामांच्या पाठीवर आणावे लागे. पहिली पंचवीस वर्षे धातुक, म्हणजे धातूचा अंश असलेला दगड, गाळण्याचे काम ‘वायरा’ नावाच्या लहान भट्ट्यांत होत असे. या भट्ट्या डोंगराच्या उतारावर वाऱ्याच्या तोंडी मांडल्या जात आणि त्यांचे कसब आंदीज पर्वतातील मूळ रहिवाशांचे होते. खाणीचा पट्टा स्पॅनिश मालकाच्या नावावर असला तरी दगड फोडणारे आणि गाळणारे हात स्थानिकांचे, गाळण्याचे ज्ञानही त्यांचेच. म्हणून ते मालकाला ठरलेला वाटा देत आणि उरलेले स्वतःकडे ठेवत. या काळात सर्व काही न्याय्य होते असे नव्हे, पण कारागिराच्या हाती ज्ञान असल्यामुळे मालकाला त्याच्याशी बोलणी करणे भाग पडत होते.

१५६० च्या दशकात वरच्या थरातील उत्तम धातुक संपत आले आणि ही व्यवस्था मोडकळीस आली. उपाय मेक्सिकोतून आला. बार्तोलोमे दे मेदिना याने १५५४-५५ च्या सुमारास पाचुका येथे पाऱ्याच्या साह्याने चांदी वेगळी करण्याची रीत बसवली होती : दगड कुटून त्याची पूड करायची, तिच्यात मीठ आणि पारा कालवायचा, पाऱ्याने चांदी आपल्यात ओढून घेतली की ते मिश्रण धुऊन तापवायचे, म्हणजे पारा उडून जातो आणि चांदी मागे राहते. पेरूमधील वानकावेलिका येथे पाऱ्याची खाण सापडलेलीच होती, आणि १५७० च्या दशकाच्या आरंभी ही रीत पोतोसीत रुजली. तिच्यामुळे आजवर टाकून दिलेला हलक्या प्रतीचा दगडही फायद्याचा झाला. पण त्यासाठी पाणचक्क्यांवर चालणारे कुटाईचे कारखाने, त्यांना पाणी पुरवणारे कृत्रिम तलाव आणि अवाढव्य प्रमाणात दगड खोदून वर आणणारे स्वस्त हात लागत होते. वायराच्या कारागिराचे ज्ञान एका पिढीत निरुपयोगी झाले, आणि ज्याच्याशी वाटाघाट करावी लागत होती त्याच्याकडे आता केवळ पाठ आणि खांदे उरले. सक्तीचा प्रश्न याच क्षणी तीव्र झाला, हे ध्यानात घेतले पाहिजे. कारण पुढे दिलेली सगळी समर्थने जणू ही गरज निसर्गानेच निर्माण केली होती अशा थाटात मांडलेली आहेत.

पेरूचा व्हाइसरॉय, म्हणजे राजप्रतिनिधी, फ्रान्सिस्को दे तोलेदो याने १५७३ मध्ये ‘मिता’ या पद्धतीला निश्चित रूप दिले. इंका राजवटीत मिता म्हणजे पाळीपाळीने करावयाची सार्वजनिक सेवा. रस्ते, कोठारे, शेती यांसाठी प्रत्येक समूह आपली पाळी देई आणि त्या काळात त्याच्या पोटापाण्याची जबाबदारी राज्य घेई. तोलेदोने नाव तेच ठेवले. सोळा प्रांतांतील प्रौढ पुरुषांपैकी सुमारे सातवा हिस्सा दरवर्षी पोतोसीला पाठवायचा असे ठरले. ही संख्या वर्षाला साडेतेरा हजारांच्या जवळपास होती. त्यांच्यापैकी एक तृतीयांश एका वेळी कामावर असत, म्हणजे कागदोपत्री एक आठवडा काम आणि दोन आठवडे विश्रांती. मजुरीचे दरही ठरलेले होते : खाणीच्या आत काम करणाऱ्याला दिवसाला साडेतीन रेआल, आणि आठ रेआलचा एक पेसो. प्रत्यक्षात एवढ्या मजुरीत पोतोसीसारख्या महाग शहरात कुटुंबाचे पोट भरत नसे, म्हणून विश्रांतीच्या आठवड्यांतही ‘मितायो’, म्हणजे पाळीवर आलेला माणूस, रोजंदारीवर राबे; आणि राजाला द्यावयाचा डोईकर वेगळाच.

टिटिकाका सरोवराकाठच्या चुकुइतो प्रांतातून दरवर्षी निघणाऱ्या तांड्याचे वर्णन सतराव्या शतकाच्या आरंभीच्या एका अहवालात आले आहे. सुमारे २,२०० पुरुषांबरोबर बायकामुले मिळून सात हजार जीव वाटेला लागत, सोबत हजारो लामा असत आणि प्रवासाला दोन महिने लागत. परत येणारे थोडे असत, आणि याचे कारण केवळ मृत्यू हे नव्हते. अनेक जण शहरातच राहत किंवा दुसऱ्या गावी परके म्हणून स्थायिक होत, कारण परक्याला मिता लागू नव्हती. जन्मगावाशी, जमिनीशी आणि पूर्वजांच्या दफनस्थळांशी असलेले नाते तोडले की वेठीतून सुटका, असा सौदा कायद्यानेच माणसांपुढे ठेवला होता. आंदीजमधील माणसाला आपल्या ‘आय्यु’ची, म्हणजे जमीन आणि पूर्वज समाईक असलेल्या कुळसमूहाची, ओळख हीच त्याची ओळख होती, हे लक्षात घेतले तर सौद्याची किंमत कळते.

धर्मशास्त्र्यांचे युक्तिवाद समजून घेण्यासाठी मिता येण्याआधीच्या एका पत्रापासून सुरुवात करणे योग्य होईल. डॉमिनिकन पंथाचे पाद्री दोमिंगो दे सान्तो तोमास, ज्यांनी पुढे १५६० मध्ये केचुआ भाषेचे पहिले छापील व्याकरण प्रसिद्ध केले, त्यांनी १५५० मध्ये स्पेनच्या इंडीज मंडळाला, म्हणजे अमेरिकेतील प्रदेशांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाला, पोतोसीविषयी लिहिले. हा डोंगर म्हणजे नरकाचे तोंड आहे आणि स्पॅनिश लोकांची हाव दरवर्षी त्यात असंख्य माणसे आपल्या दैवताला बळी म्हणून अर्पण करते, असा त्यांचा आशय होता. या आरोपाची धर्मशास्त्रीय धार आज सहज निसटते. स्पॅनिश राजसत्तेने अमेरिकेवरील आपल्या हक्काचे एक मुख्य समर्थन असे दिले होते की तेथील लोक मूर्तिपूजक आहेत, नरबळी देतात, आणि त्यांना खऱ्या देवाकडे आणणे हे ख्रिस्ती राजाचे कर्तव्य आहे. सान्तो तोमास यांनी तोच आरोप उलटवून ख्रिस्ती माणसांवर ठेवला : मूर्तिपूजा येथे खरोखर चालू आहे, नरबळीही चालू आहे, पण वेदी चांदीची आहे आणि पुजारी बाप्तिस्मा घेतलेले आहेत.

त्यांचे पंथबंधू बार्तोलोमे दे लास कासास यांनी याच काळात पापनिवेदन ऐकणाऱ्या पाद्र्यांसाठी नियम लिहिले, जे १५५२ मध्ये सेव्हिल येथे छापले गेले. त्यांचा गाभा ‘परतफेड’ या संकल्पनेत आहे. कॅथलिक नीतिशास्त्राप्रमाणे चोरीचे पाप केवळ पश्चात्तापाने धुतले जात नाही. घेतलेले परत केल्याखेरीज क्षमा लागू होत नाही. लास कासास यांनी हा सर्वमान्य नियम विजेत्यांना आणि जमीनदारांना लावला आणि म्हटले की मूळ रहिवाशांकडून अन्यायाने मिळवलेले सर्व परत करण्याची कायदेशीर हमी दिल्याशिवाय अशा माणसाला, तो मृत्युशय्येवर असला तरी, क्षमा देऊ नये. पेरूमधील काही जमीनदारांनी मृत्युपत्रांत अशा परतफेडीची तरतूद केल्याचे दाखले आहेत. मरणाच्या भीतीने सुचलेली ही तरतूद तोकडी होती हे खरे, पण संपत्तीचा उगम विसरू न देणारी एक व्यवस्था धर्माने त्या काळी उभी केली होती, आणि पुढे ती मागे पडली, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

तिला मागे सारणारा युक्तिवाद ‘लोकहिता’चा होता. मूळ रहिवाशांना खाणीत सक्तीने राबवू नये अशा राजाज्ञा आधी निघालेल्या होत्या आणि १५४२ च्या नव्या कायद्यांनी त्यांना गुलाम करण्यावरही बंदी घातली होती. त्यामुळे तोलेदोला धर्मशास्त्र्यांचा कौल हवा होता, आणि १५७० मध्ये लिमा येथे भरलेल्या सभेने तो त्याला दिला : खाणी राज्याच्या हितासाठी आवश्यक आहेत, राज्याचे हित म्हणजे तेथील धर्मप्रसाराचेही हित, म्हणून योग्य मजुरी देऊन आणि माफक प्रमाणात सक्ती करणे वावगे नाही. या विचाराचे सर्वांत प्रामाणिक, आणि म्हणूनच सर्वांत अस्वस्थ करणारे, रूप जेझुइट पंडित होसे दे आकोस्ता यांच्या लेखनात आढळते. १५९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंडीजच्या नैसर्गिक व नैतिक इतिहासात खाणीच्या आतले चित्र आहे : कायमचा काळोख, कातड्याच्या दोरांच्या शिड्या, पाठीवर बांधलेले दगडाचे ओझे, आणि अंगठ्याला बांधलेल्या मेणबत्तीच्या उजेडात एकामागून एक वर चढणारी माणसे. मूळ रहिवाशांच्या उद्धाराविषयीच्या त्यांच्या लॅटिन ग्रंथात ते कबूल करतात की मुक्त माणसांना अशा कामाला जुंपणे कठोर आहे. पण खाणी सोडल्या तर स्पॅनिश लोक तेथे राहणार नाहीत, ते राहिले नाहीत तर राज्य राहणार नाही आणि राज्याबरोबर सुवार्ताही जाईल, म्हणून नियम घालून हे काम चालू द्यावे असा त्यांचा निष्कर्ष आहे.

आकोस्ता यांनी याला ईश्वरी योजनेची जोडही दिली. रूप नसलेल्या मुलीला बाप भरघोस हुंडा देतो, म्हणजे तिला वर मिळतो, तसे देवाने या दूरच्या भूमीच्या पोटात धातू ठेवले, म्हणजे ख्रिस्ती लोक तिच्याकडे येतील, असे ते लिहितात. त्यांचा स्वतःचा तर्क येथे त्यांच्यावरच उलटतो, असे म्हणावे लागते. हुंडा वधूच्या हितासाठी असतो असे गृहीत धरले, तर तो मिळवण्यासाठी वधूचाच जीव घेणे कोणत्या न्यायात बसते? खाण धर्मप्रसारासाठी, धर्मप्रसार मूळ रहिवाशांच्या आत्म्यासाठी, आणि खाणीची किंमत मात्र त्याच माणसांच्या देहांनी चुकती करायची, अशी ही साखळी आहे. ज्याचे कल्याण हे साध्य म्हणून पुढे केले आहे, त्यालाच साधन म्हणून खर्ची घातले आहे. आणि साध्य पारलौकिक असल्यामुळे ते साधले की नाही याचा पडताळा या लोकी कोणालाच मागता येत नाही.

दुसरे समर्थन मजुरीचे होते : मितायोला पैसे मिळतात, वर्ष संपले की तो घरी जातो, म्हणून हे दास्य नव्हे. सतराव्या शतकात या समर्थनाचा फोलपणा व्यवहारानेच उघड केला. लोकसंख्या घटत गेली आणि गावचा कुराका, म्हणजे आपल्या समूहाची पाळी पुरी करून देण्यास जबाबदार असलेला मुखिया, ठरलेली माणसे पाठवू शकेनासा झाला. तेव्हा तो माणसाच्या बदल्यात रोख रक्कम भरू लागला. या पैशातून रोजंदारीवरचा कामगार लावावा अशी अपेक्षा होती, परंतु अनेक मालक ती रक्कम तशीच ठेवून घेत, कारण थकलेल्या खाणीत दगड फोडण्यापेक्षा हे उत्पन्न खात्रीचे होते. त्या काळच्या कागदपत्रांत अशा माणसांना ‘खिशातले इंदिओ’ म्हटले आहे. इंदिओ ही स्पॅनिश कायद्याने मूळ रहिवाशांसाठी ठरवलेली वर्गवारी होती. लोकहितासाठी चांदी काढणे हा ज्या सक्तीचा एकमेव आधार, ती सक्ती आता चांदी न काढताही चालू राहिली होती. अर्जेंटिनाचे इतिहासकार एनरिके तांदेतेर यांनी अठराव्या शतकाविषयी दाखवून दिले आहे की तोवर संख्येने बरीच कमी झालेली मिता हीच पोतोसीच्या नफ्याचा खरा आधार होती. मुक्त मजुरांचे बाजारभाव द्यावे लागले असते तर कित्येक कारखाने बंद पडले असते. म्हणजे ज्याला लोकहित म्हटले जात होते, ते गरीब गावांनी श्रीमंत मालकांना दिलेले अनुदान होते.

येथे मृतांच्या संख्येचा मुद्दा ओघाने येतो. पोतोसीत ऐंशी लाख माणसे मेली असे विधान लोकप्रिय लेखनात पुनःपुन्हा आढळते, पण त्याला आधार नाही आणि जाणकार इतिहासकार ते मानत नाहीत. शिवाय सतराव्या शतकाच्या आरंभीच पोतोसीतील बहुसंख्य कामगार सक्तीचे नसून रोजंदारीवर आलेले होते. अतिशयोक्ती टाळणे हे मृतांविषयीच्या आदराचाच भाग आहे. कोसळणारे छत, कुटाईच्या कारखान्यातील धुळीने निकामी होणारी फुफ्फुसे, वानकावेलिकाच्या खाणीतील पाऱ्याची विषबाधा आणि ओस पडलेली गावे एवढे सत्य नैतिक निर्णयासाठी पुरेसे आहे. मृत्यूंचा आकडा लहान असता तर सक्ती न्याय्य ठरली असती, असे कोणी म्हणू शकत नाही.

मग राज्याने कोणतीही सेवा सक्तीने घेऊच नये काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मराठी वाचकाला आपल्याच संविधानाकडे वळता येते. अनुच्छेद २३ ने वेठबिगार निषिद्ध केली आहे, पण त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडाने सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा राज्याला दिली आहे, आणि तिला अट घातली आहे की केवळ धर्म, वंश, जात वा वर्ग यांच्या आधारे भेदभाव होता कामा नये. लिमाच्या सभेतील पंडितांनी आवश्यकतेचा, मजुरीचा, कामाच्या तासांचा विचार केला; ओझे सर्वांवर सारखे का नाही, हा प्रश्न मात्र निर्णायक मानला नाही. पोतोसीत राहणाऱ्या एकाही स्पॅनिश माणसाला मितेची पाळी नव्हती. ज्या ‘लोकां’चे हित साधायचे त्यांत मितायो मोजला जात होता, आणि ज्यांना विचारायचे त्यांत तो नव्हता. महाराष्ट्रात हे दुखणे अनोळखी नाही : गावाची आणि सरकारची कामे एका जातीने परंपरेने करावीत असे ठरवणाऱ्या महार वतनाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, तेव्हाही सार्वजनिक सेवेच्या नावाखाली एकाच समूहावर लादलेल्या ओझ्याचा प्रश्न होता. परंपरेचे नाव कायम ठेवून परस्परतेचा आशय काढून घेणे, हे तोलेदोने इंकांच्या मितेचे जे केले त्याच जातीचे कृत्य आहे.

पोतोसीची चांदी पोतोसीत राहिली नाही. १५०० ते १८०० या काळात जगात निघालेल्या चांदीचा फार मोठा भाग, सर्वसाधारण अंदाजाने चार पंचमांशांच्या आसपास, स्पॅनिश अमेरिकेतून आला, आणि त्यातला बराचसा अखेर आशियाकडे वाहिला. १५७१ मध्ये मनिला शहर स्थापून स्पेनने चीनच्या बाजाराशी थेट वाट जोडली. दुसरी वाट सेव्हिल, लिस्बन, ॲमस्टरडॅम, लंडन अशी युरोपातून, आणि तिसरी भूमध्य व तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर येई. गोव्यात पोर्तुगीज व्यापारी आठ रेआलच्या नाण्याला पाताका म्हणत; १५८० ते १६४० या काळात तर पोर्तुगाल आणि स्पेन एकाच राजाच्या अमलाखाली होते. सुरत, जी मराठी वाचकाला १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांमुळे परिचित आहे, ती अकबराने १५७३ मध्ये, म्हणजे तोलेदोने मितेची घडी बसवली त्याच वर्षी, जिंकली होती. मुघल राज्यात परकी नाणे सामान्यतः चलन म्हणून चालत नसे. ते टाकसाळीत नेऊन वितळवायचे, कस पाहायचा, टाकसाळीचा आकार द्यायचा आणि बादशहाच्या नावाचा रुपया घेऊन बाहेर पडायचे. सराफ चांदीची शुद्धता अत्यंत काटेकोरपणे तपासत असे, आणि त्याच आगीत नाण्यावरील स्पॅनिश राजाचे चिन्ह, पोतोसीच्या टाकसाळीचे अक्षर, म्हणजे उगमाची शेवटची खूण, नाहीशी होई.

धर्मशास्त्रात शुद्धतेची दुसरीही एक कसोटी आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात सर्व शुद्धींमध्ये अर्थशौच, म्हणजे धनव्यवहारातील शुद्धी, श्रेष्ठ मानली आहे, आणि माती-पाण्याच्या शुद्धीला तिच्या खालचे स्थान दिले आहे. हे वचन ज्या ग्रंथात आहे त्याने श्रम आणि शुचिता यांची वाटणी जन्मावर केली, हेही विसरता येत नाही. नारदस्मृती धनाचे शुक्ल, शबल आणि कृष्ण असे तीन वर्ग करते आणि धन जसे मिळवले तसे त्याने केलेल्या कर्माचे फळ मिळते असे सांगते. पोतोसीच्या उत्पादनाचा बहर ओसरण्यापूर्वीच देहूच्या महाजन घराण्यात जन्मलेल्या तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत सोडल्याची कथा महिपतींनी सांगितली आहे, तीही धन आणि ते ज्याच्याकडून यायचे तो माणूस यांचे नाते डोळ्यांसमोर असण्याची कथा आहे. परंतु या सर्व विचारांत धन मिळवणारा आणि ज्याच्याकडून मिळवले तो, असे दोघे जण समोरासमोर उभे आहेत. सुरतेच्या विणकराला कापडाच्या बदल्यात मिळालेला रुपया शुक्ल की कृष्ण? त्याने तो स्वतःच्या घामाने मिळवला. त्यातील चांदी मात्र चुकुइतोच्या एखाद्या माणसाने मेणबत्तीच्या उजेडात वर आणलेली असू शकते.

दोष हा धातूला चिकटून हातोहात फिरणारा पदार्थ आहे असे मानले, तर जगातील एकही माणूस निर्दोष राहत नाही, आणि सगळेच दोषी ठरले की कोणालाच जाब विचारता येत नाही. अधिक न्याय्य मार्ग असा, की निर्णयाच्या किती जवळ कोण उभा आहे आणि वस्तूच्या स्वस्ताईवर कोणाचा नफा किती अवलंबून आहे, यावरून जबाबदारी ठरवावी. या मापाने विणकर जवळजवळ मुक्त होतो, सराफावर थोडे दायित्व येते, आणि स्पेनचा राजा, ज्याचा एकूण उत्पादनात एक पंचमांश वाटा होता, तसेच पोतोसीचे कारखानदार पूर्णपणे उत्तरदायी ठरतात. लंडनच्या ईस्ट इंडिया कंपनीचे एक संचालक टॉमस मन यांनी १६२१ मध्ये पूर्वेकडे चांदी पाठवण्याचे समर्थन करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. तिचा सारा भर बाहेर गेलेली चांदी मालाच्या पुनर्विक्रीतून वाढून परत येते की नाही यावर आहे. चांदी इंग्लंडची संपत्ती म्हणून मोजली गेली की तिचा इतिहास तेथूनच सुरू झाला, असे या हिशेबात गृहीत आहे. याउलट पेरूचा व्हाइसरॉय काउंट लेमोस याने १६७० च्या सुमारास मिता बंद करण्याचा आग्रह धरताना लिहिले की पोतोसीचे दगड रक्ताने भिजलेले आहेत आणि तेथून निघालेला पैसा पिळला तर चांदीपेक्षा रक्तच अधिक गळेल. साम्राज्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एकाने हे लिहिले आणि मिता आणखी सव्वाशेहून अधिक वर्षे चालली. माहितीचा अभाव होता, ही सबब त्यानंतर कोणालाही उरत नाही.

डोंगराच्या आत या प्रश्नाचा विचार निराळ्या भाषेत झाला. बोलिव्हियाच्या खाणींत आजही ‘तिओ’ या दैवताची मातीची मूर्ती असते. तिला शिंगे असतात, कामगार तिच्यासमोर बसून कोका चघळतात, तिला दारू आणि सिगारेट अर्पण करतात, आणि ठराविक दिवशी लामाचा बळी देऊन त्याचे रक्त खाणीच्या तोंडाशी शिंपडतात. खाणीच्या बाहेर ख्रिस्ताची आणि मरियेची सत्ता, आत तिओची, अशी ही वाटणी आहे. मानववंशशास्त्रज्ञ मायकेल टाउसिग यांनी १९८० मध्ये असे प्रतिपादन केले की तिओच्या रूपातील सैतान हा शेतकरी समाजाने नफ्याच्या अर्थव्यवस्थेवर केलेला नैतिक अभिप्राय आहे. ओरुरोच्या कथिल खाणीत राहून अभ्यास केलेल्या जून नॅश यांचे १९७९ चे पुस्तक आणि नंतर आंदीजवर लिहिणाऱ्या अभ्यासकांनी घेतलेले आक्षेप पाहता हे सूत्र जरा जास्तच सुबक वाटते. कारण आंदीजच्या श्रद्धेत धातू जमिनीत वाढतो, धनाचा संबंध सुपीकतेशी आहे, आणि पाताळातील शक्ती केवळ दुष्ट नसून देणाऱ्याही आहेत. तिओ हा भांडवलाचा निषेध आहे की जुन्या भूमिधर्माचा अवशेष, हा वाद येथे मिटवण्याची गरज नाही. त्याच्या पूजेतील तत्त्व स्पष्ट आहे : पृथ्वीच्या पोटातून जे काढले जाते त्याचे देणे लागते, आणि ते दिले नाही तर ती शक्ती माणसाच्या जिवाच्या रूपाने ते वसूल करते. लिमाच्या पंडितांच्या हिशेबात चांदी ही देवाने दिलेली देणगी होती; खाणीतल्या माणसाच्या हिशेबात ती उसनवार होती.

या हिशेबाचे एक व्यावहारिक रूपही होते. अठराव्या शतकात शनिवारच्या रात्रीपासून सोमवारच्या पहाटेपर्यंत, खाण बंद असताना, ‘काख्चा’ म्हणून ओळखले जाणारे लोक आत शिरत आणि स्वतःसाठी धातुक काढून ते लहान घरगुती घाण्यांवर कुटत. मालक त्यांना चोर म्हणत. ते मात्र हा आपला रूढ हक्क समजत, आणि त्यांची चांदी विकत घेणारी राजाची पेढीही त्यांच्याकडे काणाडोळा करत असे. सोमवार ते शनिवार ज्या शिरेत जबरदस्तीने राबायचे, तिच्यातला रविवार आपला आहे, असा हा दावा होता. एखाद्या नीतितज्ज्ञाने परतफेडीच्या नियमाचा आधार घेऊन तो कधी तपासून पाहिला असता, तर त्याला चोरी म्हणणे अवघड गेले असते.

लोकहिताच्या युक्तिवादाला कायद्याच्या भाषेत सरळ उत्तर मिळण्यास १७९३ साल उजाडावे लागले. चार्कास येथील उच्च न्यायालयाचे सरकारी वकील व्हिक्तोरियान दे व्हियाव्हा यांनी मितेवर एक निबंध लिहिला आणि त्यात चार विधाने क्रमाने सिद्ध करण्याचा प्रयत्न केला : पोतोसीच्या खाणींचे काम सार्वजनिक नसून खासगी मालकांचे आहे, ते सार्वजनिक असते तरी त्यासाठी मूळ रहिवाशांवर सक्ती करण्याचा हक्क मिळत नाही, हे रहिवासी समजले जाते तितके आळशी नाहीत, आणि असले तरी आळस हे अशा सक्तीचे कारण होऊ शकत नाही. यांतील दुसरे विधान सर्वांत दूरवर जाणारे आहे, कारण ते लोकहित मान्य करूनही सक्ती नाकारते. पोतोसीचा प्रशासक फ्रान्सिस्को दे पाउला सान्स याने त्याला प्रत्युत्तर दिले, खाणमालक त्याच्या पाठीशी उभे राहिले, आणि मिता वाढवण्याचा जो बेत आखला जात होता तो या वादामुळे मागे पडला. पुढे कादिझच्या स्पॅनिश संसदेने १८१२ मध्ये मिता रद्द केली. १८२५ मध्ये स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाचे नेते सिमोन बोलिव्हार यांनी स्वतः सेर्रो रिको चढून स्वातंत्र्याचा विजय साजरा केला आणि मूळ रहिवाशांवरील डोईकरही उठवला. परंतु नव्या प्रजासत्ताकाची तिजोरी रिकामी होती, आणि पुढच्याच वर्षी तो कर, सर्वांच्या स्वातंत्र्यासाठी उभारलेल्या राज्याचा खर्च भागावा म्हणून, फक्त त्यांच्यावर पुन्हा बसवण्यात आला.